सरळ नळीची दुर्बीण

"काका, खरं सांगा, ह्यातून कोण बघत होतं?"

प्रीतमने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि ती मीच बिघडवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. भोसरी एमआयडीसीत त्याचं छोटं दुकान आहे. कारखान्यांना भिंगं, मायक्रोस्कोप वगैरे पुरवतो, आणि कुणी मागितल्या तर दुर्बिणीही ठेवतो.

"दत्तोबा बघतो," मी म्हणालो. "स्टँडचा पाय मोडलाय, तेवढा बसवून दे."

"पायाचं सोडा हो. आत बुरशी लागलीये. सगळ्या भिंगांवर पांढरं जाळं धरलंय. हे एका पावसाळ्याचं काम नाही. दोन-तीन वर्षं तरी ह्यातून काही दिसलं नसणार."

"काहीतरीच काय? गेल्या रविवारी त्यानं ह्यातून माझे साठ शॉट सांगितलेत."

"मग तुम्हीच बघा."

आता हसाल, पण सहा वर्षांत मी त्या दुर्बिणीला एकदाही डोळा लावला नव्हता. त्याचं कारण आमच्या नोकरीत आहे. मी आणि दत्तोबा एकाच वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होतो. मी लेथवर टर्नर, तो इन्स्पेक्शनच्या टेबलावर. मी जॉब, म्हणजे सुटा भाग, काढायचा, त्याने मोजायचा. स्वतःचा जॉब स्वतः पास करायचा नाही, हा तिथला नियम. इतर ठिकाणी तो भिंतीवर लिहिलेला असतो, आमच्याकडे तो अंगात भिनला होता. त्याच्या टेबलाजवळ मी नुसता घुटमळलो तरी तो म्हणायचा, "चल, व्हय तिकडं, मशीन बघ तुजं."

मग सहा वर्षांपूर्वी तळवड्याच्या पलीकडच्या रायफल क्लबचा बोर्ड आम्ही वाचला आणि म्हातारपणी हे खूळ घेतलं. पॉइंट टू-टूची रायफल क्लबची, चटईवर पालथं पडायचं, पन्नास मीटरवरच्या कागदावर मारायचं. दत्तोबाचं पोट आडवं येत होतं, म्हणून मारायचं काम माझ्याकडे आलं. पण पन्नास मीटरवर काळ्या वर्तुळात मुगाच्या दाण्याएवढं भोक पडतं, ते नुसत्या डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. दत्तोबाने जुन्या बाजारातून एक दुर्बीण पैदा केली आणि माझ्या मागे खुर्ची टाकून बसला. मी मारायचं, त्याने सांगायचं, "नऊ, तीन वाजता," म्हणजे नऊ गुण आणि भोक घड्याळातल्या तीनच्या बाजूला. त्याप्रमाणे मी रायफलच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, स्क्रू फिरवायचा. तिथेही आमचा नियम तोच. मारणाऱ्याने बघायचं नाही.

मी दुर्बिणीला डोळा लावला. समोर रस्ता होता, टेम्पो होते, चहाची गाडी होती. मला काहीही दिसलं नाही. खिडकीला आतून चुना फासावा तसं नुसतं पांढरं.

"आता?" प्रीतम म्हणाला.

आता काय, माझं डोकंच चालेना. प्रीतमला वाटलं मला नवी घ्यायची आहे, आणि त्याने काउंटरवर एकेक डबा उघडायला सुरुवात केली. ही वीस ते साठ पट, ही पंचवीस ते पंचाहत्तर. हिचं पुढचं भिंग साठ मिलिमीटरचं, हिचं सत्तरचं. हिच्यात नायट्रोजन भरलाय, म्हणजे बुरशी धरणार नाही. हिच्यावर मोबाइल बसतो. मी सगळ्याला मान हलवत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की मग दत्तोबा रविवारी सांगत काय होता?

"काका, आधी एवढं सांगा, सरळ पाहिजे की वाकडी?"

"म्हणजे?"

"सरळ असली की मागे खुर्चीवर बसून दुसऱ्यानं बघायची. वाकडीचा डोळ्याकडचा भाग असा वर वळलेला असतो, ती चटईशेजारी ठेवायची. झोपल्या झोपल्या मान जरा वळवली की तुमचं तुम्हालाच दिसतं. बघणार कोण आहे?"

उद्या सांगतो म्हणालो आणि जुनी दुर्बीण पिशवीत घालून बाहेर पडलो.

दत्तोबाचं घर भोसरी गावठाणात. खाली तो आणि कौशल्यावहिनी, वरच्या दोन मजल्यांवर कंपन्यांतली भाडेकरू पोरं. मी गाडी लावत होतो तोच दाराबाहेरच्या खुर्चीवरून आवाज आला.

"रोहिदास का? चेन आवळून घे की लेका, चौकापास्नं वाजतीय." मग त्याने हात पुढे केला. "झाली व्हय दुरुस्त?"

मी खोटं का बोललो ते मलाच ठाऊक नाही. "झाली," म्हणालो. "बघ बरं."

त्याने दुर्बीण हातात घेतली, अंगठ्याने कड पुसली, सवयीने चाक फिरवलं आणि समोरच्या इमारतीच्या डोक्याकडे धरली.

"ब्येस! टाकीवरचं नाव बी वाचाया येतंय. प्रीतमचा हात चांगला हाय."

समोरच्या इमारतीवर टाकी नव्हती. नवा मजला चढवायचा म्हणून ती उतरवून दोन महिने झाले होते. तिथे नुसत्या सळया उभ्या होत्या.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, हातात माझ्यासाठी आणलेला चहा तसाच. त्यांनी मान खाली घातली, मग पुढे येऊन कप आधी दत्तोबाच्या हातात नीट धरवला, बोटं कपाच्या कानाला लागेपर्यंत सोडला नाही. हे त्या नेहमीच करायच्या. मी नेहमीच बघायचो आणि म्हणायचो, काय कोडकौतुक चाललंय म्हातारपणी.

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या.

"भावजी, दोन वरसं झाली. काचबिंदू हाय म्हनं. एक डोळा पार गेलाय, दुसऱ्यात नुसती सावली हालती. गेलेली नजर परत येत न्हाई, असं डॉक्टर म्हणले."

"मला सांगायचं नाही का वहिनी?"

"माज्या गळ्याची आन घातलीया त्यांनी. रोहिदासला कळलं तर तो माला न्यायचा न्हाई, म्हणत्यात." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "एरवी घरात मुक्यावानी बसून असत्यात. शुक्रवार उजाडला की ऐतवारच्या कपड्यांची चौकशी सुरू. तुमी त्यांना बोलू नका काही. पर भावजी, तुमचं नुसकान बी करून घेऊ नका."

मी मान हलवली आणि गाडीला किक मारली.

काळेवाडीला घरी पोचेपर्यंत मात्र मला राग चढला होता. चांगला सणसणीत राग. दोन वर्षं हा माणूस माझ्या मागे बसून आंधळेपणाने आकडे फेकतोय आणि मी गाढवासारखा साइट फिरवतोय! येत्या रविवारी क्लबात निवड चाचणी होती. साठ शॉट, सहाशेपैकी पाचशे सत्तर पडले तर क्लब राज्य स्पर्धेच्या ज्येष्ठ गटाला नाव पाठवणार होता. पेपरात नाव येईल असलं काही मी आयुष्यात केलेलं नाही. शाफ्ट काढले, बुश काढले, ते कुठल्या गाड्यांत बसले ते देव जाणे. ही एक गोष्ट माझ्या नावाची होणार होती. माझा सगळ्यात चांगला स्कोर पाचशे एकसष्ट. प्रशिक्षक मोनिका मॅडम तर वर्षभर कानीकपाळी ओरडत होत्या, "काका, स्वतःची अँगल्ड स्कोप घ्या, प्रत्येक शॉट स्वतः बघा. आठ-दहा मार्क सहज वाढतील." अँगल्ड म्हणजे ती वाकडी, हे मला आज कळलं. हे सगळं त्या दत्तोबासमोरच म्हणायच्या. तो हसायचा.

जयमालाने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि मेथी निवडता निवडता विचारलं, "तुम्हाला कळलं कसं नाही? दर रविवारी ते तुमच्या खांद्याला धरून चालायचे ना?"

"गुडघे दुखतात म्हणाला."

"आणि तुम्ही मानलंत."

"मानणार नाही तर काय? त्याच्या गुडघ्यांचं इन्स्पेक्शन करू?"

मी कपाटातले जुने टार्गेटचे कागद काढून जमिनीवर पसरले. एका कागदावर दहा भोकं, काही एकमेकांत शिरलेली. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे कागद सांगत नाही. ते सांगणारा एकटा दत्तोबा होता. शेवटी बेरीज करताना त्याच्या आकड्यात आणि कागदात दोन-चार मार्कांचा फरक पडायचा, तेव्हा तो म्हणायचा, भोकं चिकटलीत, मी काय करू? मला ते पटायचं.

मग मी तारखा बघायला लागलो आणि माझा पुरता गोंधळ उडाला. दोन वर्षांपूर्वी, त्याला दिसत होतं तेव्हा, मी पाचशे चाळीसच्या आसपास होतो. पाचशे एकसष्ट आत्ता, गेल्या महिन्यात. म्हणजे त्याची नजर गेली आणि माझे एकवीस मार्क वाढले!

"हे कसं काय?" मी जयमालाला विचारलं. "न बघता सांगितलेल्यावर मी साइट फिरवतोय आणि स्कोर वाढतोय?"

"तुमच्याकडे बघून सांगत असतील."

"अगं, दिसत नाही त्याला!"

"मग ऐकून सांगत असतील. चेन ऐकली ना त्यांनी?"

ते खरं होतं. वर्कशॉपमध्येही टेबलावर बसल्या बसल्या तो ओरडायचा, रोहिदास, टूल बोथट झालंय, आणि मी काढून बघितलं की खरंच झालेलं असायचं. पण लेथ वाजते. कागदात घुसलेली गोळी काय वाजणार? माझा श्वास ऐकतो? चाप ओढताना मी कचरलो तर त्याला कळतं? की नुसता नशिबाने आकडे मारतो आणि मी सरावानेच सुधारलो? आणि मी सरावाने सुधारलो असेन, तर त्याचं न ऐकता आणखी सुधारलो असतो की काय? मी कागद एकावर एक ठेवले, पुन्हा पसरले, पुन्हा ठेवले. एकतीस वर्षं जे मापात बसत नाही ते बाजूला टाकायची सवय. हे कुठल्या मापाने मोजायचं तेच समजेना.

"वाकडी घ्या आणि मोकळे व्हा," जयमाला म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण मग ते कुठे बसतील?"

शनिवारी मी प्रीतमकडे गेलो ते मोजपट्टी आणि एक भोकं पडलेला कागद घेऊनच. कुठलीही ऑर्डर आली की पहिला जॉब पास झाल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही, ही आमची पद्धत. डब्यावरच्या आकड्यांवर मी काही घेणार नव्हतो. प्रीतमच्या दुकानाच्या दारापासून गल्लीत पट्टी टाकत पन्नास मीटर मोजले, पलीकडच्या शेडच्या भिंतीवर कागद चिकटवला आणि स्टूल मांडून बसलो. मधून टेम्पो गेले, पाण्याचा टँकर गेला. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काय भाऊ, जमीन मोजताय का?"

पंचाहत्तर पटीची बघितली. कागद डोळ्यात आला, पण अंधारलेला आणि सारखा हलणारा. उन्हाच्या झळा लाटांसारख्या दिसत होत्या, भोक सापडेना. साठवर थोडं बरं. मग प्रीतमने सगळ्यात स्वस्त दुर्बीण वीसवर आणली, आणि काळ्या वर्तुळातली भोकं एकदम टाचणीने टोचल्यासारखी स्वच्छ दिसली. मी मोजली. दहाच्या दहा. दोन चिकटलेली होती तीसुद्धा वेगळी कळली.

"वीसच पुरे की," मी म्हणालो.

"पन्नास मीटरला वीस-पंचवीस पुरते काका. जास्तीची लोक हौस म्हणून घेतात. ही दोन्हीत आहे, सरळ आणि वाकडी. किंमत सारखीच, आठ हजार." त्याने वाकडी माझ्यापुढे केली. "तुम्ही झोपून मारता ना? मग ही."

मी ती स्टुलावर ठेवली आणि मान वळवून वरून बघितलं. सगळं दिसलं. माझं मलाच. इतकं सोपं होतं ते. एक शॉट मारायचा, बघायचं, दुरुस्त करायचं. पाचशे सत्तर माझ्या हाताच्या अंतरावर आले होते, हे मला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं. आणि रविवारी सकाळी भोसरीला न वळता तळवड्याच्या रस्त्याला लागणारी माझी गाडीही दिसली. दाराबाहेर इस्त्रीचे कपडे घालून बसलेला दत्तोबा चौकातून येणारी चेन ऐकायला कान देऊन असणार.

त्याला तसाच न्यायचा आणि आपण वाकडीतून बघायचं, हाही विचार केला. त्याने "नऊ" म्हणायचं आणि मी आठ बघायचा. मला ते जमलं नसतं. माझ्या तोंडावर काही लपत नाही, आणि त्याला तोंड दिसत नसलं तरी आवाज कळतो.

"सरळ दे," मी म्हणालो.

"काका, चुकताय. एकट्यानं मारणाऱ्याला सरळचा काही उपयोग नाही."

"मी एकटा नाही."

प्रीतमने खांदे उडवले आणि सरळ नळीची बांधून दिली.

रविवारी सकाळी मी दत्तोबाला घेतलं आणि जुनी आता टिकायची नाही, म्हणून नवी आणली, असं सांगितलं. गाडीवर त्याने नवीचा डबा मांडीवर उघडा धरला होता आणि आत हात फिरवत होता. नळीची पूर्ण लांबी त्याने चाचपली. तळवड्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "सरळच घेतलीस? माला वाटलं वाकडी आणशीला. मॅडम म्हणत हुती."

"वाकडीत मान दुखते माझी."

"व्हय, मानंला वाईटच ती." पुढचा सगळा रस्ता तो बोलत होता. गल्लीतलं कुत्रं, भाडेकरूंची भांडणं, कुणाचं लग्न, थांबायला तयार नाही.

क्लबात मी स्टँड लावला, वीसवर आणून माझ्या कागदावर नेमकी धरली, चाक फिरवून स्वच्छ केली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. मग चटईवर पालथा पडलो, रायफलचा पट्टा दंडाला आवळला, कानात बोळे घातले, ते नेहमीप्रमाणे अर्धेच, त्याचं ऐकू यावं म्हणून. शेजारी सात-आठ जण होते, प्रत्येकाच्या डोक्याशी त्याची त्याची वाकडी दुर्बीण. मोनिका मॅडमने दोन मिनिटं उरल्याचं सांगितलं. मी सहज मागे वळून पाहिलं.

दत्तोबा ताठ बसला होता. पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, डोळा दुर्बिणीला. नवी वस्तू, धूळ बसू नये, म्हणून त्याने मधल्या वेळात तिचं तोंड पुसलं असावं आणि पुसून पुढचं काळं झाकण परत लावून ठेवलं होतं. झाकण लावलेल्या दुर्बिणीतून तो अगदी मन लावून पन्नास मीटरवर बघत होता.

मोनिका मॅडमनेही ते पाहिलं. त्या दोन पावलं पुढे आल्या, तोंड उघडलं. मी चटईवरूनच त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी एकदा झाकणाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान हलवली. तशा त्या हळूहळू मागे सरल्या आणि घड्याळाकडे बघायला लागल्या.

"सुरू करा," त्या म्हणाल्या.

मी श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबलो. चाप ओढला. गोळी गेली. चांगली गेली की वाईट, मला खरंच सांगता येणार नाही.

मागे दत्तोबाने घसा साफ केला.

"नऊ. तीन वाजता. लई न्हाई, जरासं उजवीकडं."

मी साइटचा स्क्रू डावीकडे एक क्लिक फिरवला आणि दुसरी गोळी भरली.